फक्कीने आखलेलं वसतिगृह

खालाच्या, माझ्या मावशीच्या, घरात पावाचा वास असायचा आणि नलूताईंच्या ऑफिसात अमोनियाचा. जळगावातली माझी ती वर्षं या दोन वासांमध्ये ये-जा करण्यात गेली, आणि तेवढी भूक, तेवढी घाई, तेवढा आनंद मला त्यानंतर एकदम असा कधी झाला नाही. खालूंची बेकरी पुढे, घर मागे आणि मध्ये एक अरुंद बोळ. पहाटे भट्टीतून पत्रे बाहेर ओढल्याचा खडखडाट सुरू व्हायचा, मग पाव न्यायला आलेल्या सायकलवाल्यांच्या घंट्या, त्यांची आपसातली थट्टामस्करी, आणि या सगळ्यावर आवाज चढवून रेडिओतल्या बातम्यांशी भांडणारे खालू. त्या गोंगाटात झोपणं शक्यच नव्हतं, आणि मला झोपायचंही नसायचं. खाला भट्टीच्या उरल्यासुरल्या निखाऱ्यांत हिरवी वांगी भाजायला टाकायची. लाकडी बडगीत मिरच्या, लसूण आणि वांगी एकत्र ठेचल्याचा धप् धप् आवाज आला, की माझी वेणी अर्धवट राहायची. भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन, ओढणी सावरत, मी दाणाबाजाराकडे जवळजवळ पळत सुटायची. मागून खाला ओरडायची, “अरी जरीना, पानी तो पी ले! वो नकशे कहीं भागे नहीं जाते!”

नकाशे पळून जात नव्हते हे खरं, पण मला तसंच वाटायचं.

मी मूळची धुळ्याची. अब्बा पेंटर होते. म्हणजे दुकानांच्या पाट्या, भिंतींवरच्या जाहिराती, ट्रकच्या मागची फुलं आणि शेर. आग्रा रोडवरच्या कितीतरी पाट्यांवरचा ‘श्री’ माझ्या अब्बांच्या हातचा होता. धुळ्यातले व्यापारी म्हणायचे, देवनागरी अक्षर काढावं तर या माणसाने. अब्बांना मराठी, उर्दू, गुजराती तिन्ही लिप्या यायच्या आणि गिऱ्हाइकांशी ते झकास अहिराणी बोलायचे. घरात आम्ही जे बोलायचो ते धड उर्दू नव्हतं आणि धड मराठीही नव्हतं. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायची, सुताचं एक टोक धरायला. मोठी पाटी असली की ते सूत निळीत बुडवायचे, दोन्ही टोकं ताणून मध्ये चिमटीत धरून सोडायचे. टण्ण! भिंतीवर निळी सरळ रेघ उमटायची. तो टण्ण मला अजून ऐकू येतो.

नलूताईंची गाठ पडली ती अशाच एका पाटीमुळे. जळगावात एका बाईंनी नवीन ऑफिस उघडलंय, तिथे पाटी करायचीय, म्हणून कोणीतरी अब्बांचं नाव सुचवलं होतं. मी बारावीची परीक्षा देऊन मोकळी होते, मीही गेले. जिना चढून वर गेलो तर एक लांबलचक खोली, उंच स्टुलं, तिरकी टेबलं आणि खिडकीपाशी आखूड केसांच्या, सुती साडी नेसलेल्या एक बाई पेन्सिलीला टोक काढत उभ्या. पाटीवर ‘वास्तुशिल्पी’ लिहायचं होतं आणि फळी होती आखूड. अब्बा ब्रश धूत होते तेवढ्यात मी कागदाची एक पट्टी दुमडून दुमडून फळीवर अक्षरांच्या जागा पाडल्या. ‘स्तु’ आणि ‘शि’ला जास्त जागा लागते, ‘ल्पी’ची वेलांटी बाहेर जाते, असं काहीबाही स्वतःशी पुटपुटत. वळून पाहिलं तर बाई माझ्या मागे उभ्या.

“हे कोणी आखलं?”

“पोरीने,” अब्बा म्हणाले. “तिची नजर माझ्यापेक्षा बरी आहे, बाई.”

“पुढे काय करणार तू?”

मी म्हणाले, “टायपिंग.” मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुली तेच करायच्या.

“टायपिंग कधीही शिकता येईल,” त्या म्हणाल्या. “आधी माझ्याकडे ये. काम करता करता शिक. नाही आवडलं तर जा.”

जळगावात खाला होती म्हणून अब्बा कबूल झाले. मी तिच्याकडे राहू लागले आणि आठवड्याच्या आठवड्याला मोहल्ल्यात माझ्याविषयी एकच प्रश्न विचारला जाऊ लागला: ही पोरगी नक्की करते काय? खाला उत्तर द्यायची, “आरकीटेक.” त्याचा अर्थ तिलाही माहीत नव्हता, पण ती इतक्या रुबाबात सांगायची, की पुढे विचारायची कोणाची हिंमत होत नसे.

नलूताई जळगावच्याच. मुंबईला शिकल्या, तिथे मोठ्या ऑफिसात नोकरी केली आणि एक दिवस ती सोडून परत आल्या. का आलात, असं मी एकदा विचारलं. टेबलावर पाय हलवत, शेंगदाणे खात त्या म्हणाल्या, “माझ्या वर्गातल्या सगळ्यांची घरं एकसारखी होती गं. मग आम्ही जी घरं काढायचो तीही एकसारखीच. गावाकडची बाई कुठे बसून भाकरी थापते, शिवणकाम करणाऱ्याच्या घरात उजेड कुठून यायला हवा, हे वर्गात कोणाला माहीतच नव्हतं. मास्तरांनाही नाही. मला वाटलं, आपण दुसरी माणसं शोधावीत.” ती दुसरी माणसं म्हणजे मी, आणि पितांबर. पितांबर नशिराबादहून सायकलने यायचा. त्याचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये मजूर होते. पहिले कित्येक दिवस तो स्टुलावर बसायलाच तयार नव्हता, उभ्यानेच रेघा मारायचा. नलूताईंनी त्याला काही म्हटलं नाही. फक्त त्या स्वतःही त्याच्या शेजारी उभ्या राहून काम करू लागल्या. शेवटी बाईंचे पाय दुखत असतील या काळजीने तो बसला.

काय दिवस होते ते! ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनाने काम. जळगावचा उन्हाळा, मनगटाखाली रुमाल, हाताला पावडर, तरी घामाचा थेंब पडायचाच. शाई पसरली की ब्लेडने अलगद खरवडायची. मोठा नकाशा अमोनियाच्या पेटीतून निळा होऊन बाहेर यायचा तेव्हा डोळ्यांना धारा लागायच्या, आणि मी तशाच रडक्या डोळ्यांनी हसायची. रविवारी नलूताई आम्हाला घेऊन गावभर हिंडायच्या. “सावली कुठे आहे ते बघा, आणि तिथे कोण बसलंय ते बघा,” एवढाच अभ्यास. एस.टी. स्टँडवर बायका बाकांवर का बसत नाहीत? दवाखान्याच्या पायऱ्या म्हाताऱ्याला किती उंच पडतात? भाजी विकणारी बाई तहान लागली तर पाणी पिते का, की दिवसभर टाळते आणि का टाळते? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला लगेच माहीत होतं. पितांबरला नव्हतं. बायकांना दिवसभर जायला आडोसाच नसतो, हे त्याला समजावून सांगताना आम्ही दोघंही लाल झालो, पण त्या दिवसापासून आमची दोस्ती पक्की झाली. आजकाल माझ्याकडे शिकायला येणारी मुलं मला विचारतात, तुम्ही डिझाईन कुठे शिकलात? मी म्हणते, स्टँडवर. त्यांना तो विनोद वाटतो.

दुसऱ्या वर्षी ते काम आलं. एरंडोलच्या पुढे, पारोळ्याच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत एक गाव होतं. तिथे हायस्कूल होतं. आजूबाजूच्या खेड्यापाड्यांतल्या मुली सातवीपर्यंत शिकायच्या आणि मग घरी बसायच्या, कारण रोज इतकं चालत कोण पाठवणार? शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष नाना. मोठे शेतकरी, मिशा पांढऱ्या, फेटा कडक, बोलणं तुटक. त्यांना मुलींचं वसतिगृह बांधायचं होतं. मंडळातल्या बाकीच्यांना त्याच जागेवर गोडाऊन हवं होतं. “नकाशा लवकर पास झाला पाहिजे, ताई,” नाना आमच्या ऑफिसात येऊन म्हणाले. ऑफिसात ते अगदी पुस्तकी मराठी बोलायचे. “एकदा का लोक कुरकुर करू लागले, की गोडाऊनवाले टपूनच बसलेत. मग वसतिगृह विसरा.”

नलूताईंनी सुंदर नकाशा काढला. मध्ये अंगण, भोवती खोल्या, ओटा, कडुनिंब. त्याची ट्रेसिंग मी केली आणि एकेका खोलीत मनाने राहून आले. मग एका दुपारी आम्ही तिघं गावात गेलो. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर निळा नकाशा पसरला. मुलींच्या आया आल्या होत्या, काही बापही. नलूताईंनी जीव तोडून समजावलं. ही खोली, हे दार, हे अंगण. बायका पदर तोंडाला लावून ऐकत राहिल्या. शेवटी त्यांच्यातल्या, लांबच्या खेड्यातून आलेल्या एक पोक्त बाई, हिराअक्का, सगळ्यांच्या वतीने बोलल्या. त्यांची नात सुमन सातवीत होती, ती त्यांना टेकून उभी होती.

“माय, तुम्हीन काढेल शे ते चांगलंच व्हई. आमले काय समजस यामा?”

नाना खूष झाले. “झालं! पास!”

पण एस.टी.त बसल्यावर पितांबरने चणे पुढे केले, नलूताईंनी घेतले नाहीत. मग म्हणाल्या, “कोणी नाही म्हणालं नाही. म्हणजे कोणी हो पण म्हणालं नाही. त्यांना तो कागद दिसलाच नाही रे. आणि चूक त्यांची नाही. मलाही पहिल्या वर्षी नकाशा म्हणजे नुसत्या रेघाच दिसायच्या.”

मी खिडकीबाहेर बघत होते. कपाशी निघून गेलेली काळी शेतं, सपाट, पार टेकडीपर्यंत. आणि माझ्या डोक्यात एकदम तो टण्ण आवाज झाला. अब्बा सिनेमाच्या थिएटरचं मोठं काम करायचे तेव्हा भिंतीवर चढण्याआधी सगळी अक्षरं अंगणात खऱ्या मापाने काढून बघायचे. आम्ही मुलं त्या अक्षरांवरून पळायचो. ‘म’च्या पोटात लपायचो.

“ताई,” मी इतक्या जोरात बोलले की पुढच्या सीटवरची म्हातारी दचकली. “आपण जमिनीवरच काढू या ना! खऱ्या मापाचं. तिथेच, त्यांच्या मैदानात. अख्खं वसतिगृह! मग त्यांना आत जाऊन बघता येईल.”

नलूताईंनी पितांबरच्या हातातले सगळे चणे घेतले आणि तोंडात टाकले. “तुझ्या अब्बांना कधी बोलावता येईल?”

पुढचे दिवस मी जमिनीवर नव्हतेच. धुळ्याहून अब्बा आले, सुताचं बंडल आणि निळीची पुडी घेऊन. शाळेच्या ड्रिल मास्तरांनी मैदान आखायची पांढरी फक्की दिली. पितांबरने बांबू जमवले. सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही मैदानात खुंट्या ठोकल्या. अब्बा एका टोकाला, मी दुसऱ्या, नलूताई कमरेला पदर खोचून मध्ये, टेप धरून. “जरा इकडे! हां! सोड!” मातीवर सूत आपटलं की धुळीची एक लकेर उठायची आणि तिच्यावर पितांबर फक्की सोडत जायचा. शाळेतली मुलं वर्ग सोडून खिडक्यांना लटकली. कोणीतरी घरून लुगडं आणलं, बांबूवर बांधलं, म्हणाली, ही भिंत. मग तर लुगड्यांची रीघच लागली. हिरवी, डाळिंबी, चौकडीची, ठिगळाची. बघता बघता मैदानात एक फडफडणारं वसतिगृह उभं राहिलं. ज्या भिंती मी पेनाने काढल्या होत्या, त्या आता वाऱ्याने फुगत होत्या. मी एका खोलीच्या दारात उभी राहिले आणि मला चक्क गुदगुल्या झाल्या.

आणि मग बायका आत शिरल्या. व्हरांड्यात गप्प बसलेल्या याच का त्या, असा प्रश्न पडावा. एक जण खोलीत आडवीच झाली. “पाय भिंतले लागतंस!” दुसरी म्हणाली, आठे दार काबर, पाऊस सरळ आत येई. तिसरीने अंगणात बसून भाकरी थापल्याचा अभिनय केला आणि म्हणाली, वारा तोंडावर येतो, चूल तिकडे हवी. नलूताई धावत होत्या, वहीत खुणा करत होत्या, हसत होत्या. “अरे, ही भिंत उचला! उचला!” पितांबर लुगडं उचलून दोन पावलं मागे न्यायचा. भिंत इतक्या सहज सरकते हे बघून बायकांना चेवच चढला.

मी मोऱ्यांच्या कोपऱ्यात उभी असताना एका तरुण बाईने माझा हात धरून मला लुगड्याच्या आड ओढलं. इकडेतिकडे बघून कानात म्हणाली, “बाई, पोरी मोठ्या व्हतीन ना आते. मग त्या कपडा कोठे वाळाडतीन? हाई त्या गडी माणूसले कशी सांगू?” तिने पितांबरकडे बोट दाखवलं. मला क्षणभर कळलं नाही, आणि कळलं तेव्हा अंगावर काटा आला. कारण आमच्याही घरी महिन्याची ती कापडं दुसऱ्या कपड्यांखाली लपवून, ओलसर, कोंदट जागी वाळायची. नलूताईंचा नकाशा मी किती वेळा गिरवला होता, आणि हे माझ्याही मनात आलं नव्हतं. मी त्या बाईला म्हटलं, “मी सांगते. तुम्ही काळजी करू नका.” आणि मला वाटलं, हे माझं काम आहे. माझंच.

खरा प्रसंग घडला तो दुपारी. नाना आले, बरोबर मंडळाची माणसं, त्यांत गोडाऊनवालेही. फाटकाशेजारी नानांची कचेरी आखली होती. तशी त्यांनीच सांगितली होती, येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर राहावी म्हणून. पाण्याची टाकी रस्त्याच्या बाजूला असल्याने संडास आणि मोऱ्याही त्याच बाजूला, कचेरीच्या पलीकडे होत्या. तेही नानांनीच ठरवलं होतं. “राहत्या जागेच्या पोटात संडास? छे, छे!” असं ते पहिल्याच भेटीत म्हणाले होते, आणि नलूताईंनी ते मान्य केलं होतं. कागदावर ते अंतर माझ्या बोटाएवढं होतं.

नानांसाठी त्यांच्या कचेरीत खरोखरची खुर्ची ठेवली. ते ऐटीत बसले, मंडळी भोवती उभी राहिली. नलूताई बदल सांगू लागल्या तसा नानांचा चेहरा कडक होत गेला. “ताई, त्या दिवशी पास झालं होतं. आता ही काय जत्रा भरवलीय? रोज भिंती हलवायच्या तर बांधायचं कधी?” मागून कोणीतरी हळूच म्हणालं, “गोडाऊनला भिंती हलवाव्या लागत नाहीत.” नलूताई बोलता बोलता थांबल्या. मी अब्बांकडे पाहिलं, अब्बा सूत गुंडाळत जमिनीकडे बघत होते.

तेवढ्यात सुमन निघाली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. शाळेतल्या मुली मघापासून वसतिगृह-वसतिगृह खेळत होत्या. कोणी स्वयंपाकीण, कोणी आजारी, कोणी अभ्यासाला बसलेली. सुमन आपल्या खोलीतून बाहेर आली, हातात संडासाला न्यायचा एक डालड्याचा डबा. ती नानांच्या कचेरीसमोर आली आणि सगळी मंडळी बघून थबकली. डबा ओढणीखाली लपवला. परत फिरावं की जावं, तिला कळेना. मागून दुसरी आली, तिच्याही हातात डबा, ती सुमनवर आदळली. दोघी मान खाली घालून, भिंतीला चिकटून, खेकड्यासारख्या तिरप्या चालत नानांच्या खुर्चीपुढून गेल्या. मग तिसरी. खेळच होता तो, पण त्या खऱ्याच लाजल्या होत्या. कोणी हसलं नाही. नानांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग पलीकडच्या मोऱ्यांकडे, मग स्वतःच्या खुर्चीकडे. आणि त्यांचं पुस्तकी मराठी एकदम सुटलं.

“अरे! या बठ्ठ्या पोरी रोज मना समोरथीन जातीन का?”

“हो, नाना,” मी म्हणाले. माझा आवाज इतका मोठा येईल असं मला वाटलं नव्हतं. “आणि मंडळाची मीटिंग असली, पाहुणे बसलेले असले, तर जाणार नाहीत. पोट दुखलं तरी दाबून धरतील. मी पण तेच केलं असतं. आजारी पडतील, मग घरी निघून जातील.”

वयाने एवढ्या मोठ्या माणसासमोर, भर मैदानात, मी ‘पोट’ म्हणाले होते. हिराअक्का पुढे आल्या, त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला आणि म्हणाल्या, “खरं सांगी ऱ्हायनी पोर. नाना, तुम्हीनच सांगा, तुमनी नातले आठे ठेवशात का?”

नाना उठले. मला वाटलं, गेले आता. पण त्यांनी खुर्ची उचलली, स्वतःच्या हाताने, कोणालाही हात लावू न देता, आणि फक्कीची रेघ ओलांडून ती फाटकाबाहेर, शाळेच्या भिंतीला लावून ठेवली. “मनी कचेरी आठे. पोरीसना घरमा माले काय काम शे?” मग नलूताईंकडे वळून, पुन्हा आपल्या ऑफिसच्या मराठीत, “आणि ते संडास-मोऱ्या घ्या खोल्यांजवळ. पाइप लांबवू. काय म्हणता?” हे शेवटचं ते गोडाऊनवाल्यांना उद्देशून म्हणाले, आणि अशा नजरेने, की ते माना डोलवत मागे सरकले.

मैदानात जो गलका झाला तो मी कसा सांगू? बायकांनी लुगडी उपटली आणि मोऱ्यांच्या भिंती स्वतःच पळवत नेल्या. पितांबर ओरडत होता, “अहो, माप! माप घेऊ द्या!” नलूताईंनी मला मिठी मारली, दोघी फक्कीने पांढऱ्या झालो. नंतर हिराअक्कांनी शाळेमागेच चूल पेटवून केलेली पाटोड्यांची तिखट आमटी आणि गरम भाकरी आली. ती मी नाकाडोळ्यांतून पाणी काढत, विस्कटलेल्या वसतिगृहाच्या मधोमध बसून खाल्ली.

कापडं वाळवायची गोष्ट मी नलूताईंना परतीच्या वाटेवर सांगितली. त्या म्हणाल्या, “तूच काढ.” मी मोऱ्यांमागे एक छोटं अंगण काढलं. डोक्यावर ऊन, भोवती विटांची जाळी, बाहेरून कोणाला काही दिसायचं नाही आणि वारा मात्र खेळता. कित्येक कागद फाडले. त्यांनी फक्त भिंतीची जाडी दुरुस्त केली, बाकी तसंच ठेवलं. त्यानंतर मी पुष्कळ इमारती केल्या, काहींचे फोटोही छापून आले. पण विटांमधून पडलेली ती उन्हाची चांदणी बघायला मी अजूनही तिथे मुद्दाम जाऊन येते.

बांधकाम सुरू झालं आणि नलूताई धुळ्याला आमच्या घरी आल्या. अम्मीने शेवेची भाजी केली होती, रस्सा असा लाल की बघूनच घाम यावा. नलूताईंनी दोनदा मागून घेतली आणि मग सरळ मुद्द्यावर आल्या. जरीनाला आर्किटेक्चर शिकायला पुण्याला पाठवा.

“पुण्याला?” अम्मी म्हणाली. “वहाँ खाएगी क्या?”

अब्बांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, “बाई, तुमच्याकडे होती ते वेगळं. तिथे हिला कोण विचारेल? आमच्यात हे कोणी केलेलं नाही. हिच्या बोलण्याला हसतील ते लोक.”

“हसतील,” नलूताई म्हणाल्या. “मला पण हसले होते, जळगावची म्हणून. मी खोटं सांगणार नाही. पण त्या वर्गात हिच्यासारखी एक जण बसली पाहिजे. तिच्यासाठी नाही, भाई. त्या वर्गासाठी.”

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. “तू काय म्हणतेस?” घरात असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी मान हलवली, जोरजोरात. अब्बा हसायला लागले. “मी जन्मभर भिंतीवर लिहिलं,” ते म्हणाले. “लोकांनी वाचलं आणि पुढे गेले. त्या दिवशी मैदानात लोक तुझ्या रेघांच्या आत जाऊन बसले, वाद घालत होते, उठायला तयार नव्हते. हे मी पाहिलंय. जा तू.” अम्मी रडली आणि रडता रडताच म्हणाली, की मसाला कुटून बरोबर द्यावा लागेल.

पुण्याच्या प्रवेशाची चित्रकलेची परीक्षा मी पास झाले. पितांबर एक वर्षाने माझ्या मागोमाग आला. पण निघण्याआधी, शाळा उघडायच्या दिवशी, मी, नलूताई आणि पितांबर त्या गावात गेलो. वसतिगृह उभं होतं. विटांचं, चुन्याने रंगवलेलं, अगदी खरं. नाना फाटकाबाहेरच्या आपल्या कचेरीत बसून येणाऱ्या प्रत्येक बापाला अडवून “मुलीला कधी न्यायला येशील?” विचारायच्या ऐवजी “लवकर न्यायला येऊ नको” असं बजावत होते. मुली पत्र्याच्या पेट्या घेऊन आत शिरल्या आणि पाखरांचा थवा झाडावर उतरावा तसा आवाज झाला. ही खाट माझी, ती खिडकी माझी!

थोड्या वेळाने मोऱ्यांकडून आरडाओरडा ऐकू आला. पाइप फुटला? दार अडकलं? मी आणि नलूताई धावत गेलो. न्हाणीच्या एका बंद दारापुढे मुलींची झुंबड उडाली होती, सगळ्या हातांनी दार बडवत होत्या. आतून पाणी ओतल्याचा आवाज आणि त्याहून मोठ्याने गाणं.

“कोण आहे आत?” मी विचारलं.

“सुमन!” सगळ्या एकदम ओरडल्या. “मघापासून! बाहेरच येत नाही!”

हिराअक्कांच्या घरी न्हाणी म्हणजे चार काठ्यांना गुंडाळलेलं गोणपाट, हे मी बांधकामाच्या दिवसांत त्यांच्या गावी गेले तेव्हा पाहिलं होतं. दाराला कडी असलेली, छप्पर असलेली, जिथे कोणी डोकावणार नाही अशी न्हाणी सुमनला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती. नलूताईंनी दारावर टकटक केली. “सुमन, झालं का गं? बाकीच्या थांबल्यात.”

गाणं थांबलं. पाण्याचा एक तांब्या धबकन ओतला गेला. मग आतून, अगदी ठणठणीत आवाज आला:

“मी नही उघाडस!”

आणि ती पुन्हा गायला लागली.